नोंदीची भाषा आणि नात्याची भाषा : कॅनडातील बेपत्ता व हत्या झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयीच्या तीन संहिता

१

घरातील एखादी स्त्री बाहेर पडली आणि परत आली नाही, म्हणजे तिच्याविषयी दोन ठिकाणी वाक्ये तयार होऊ लागतात. एक वाक्य पोलिसांच्या दप्तरात लिहिले जाते. दुसरे तिची आई, बहीण किंवा मुलगी बोलत असते. दोन्ही वाक्ये एकाच घटनेची असली, तरी त्यांचे व्याकरण एक नसते. कॅनडातील बेपत्ता झालेल्या व हत्या झालेल्या आदिवासी स्त्रियांविषयी गेल्या पाव शतकात जे लेखन झाले, त्यातील तीन संहितांचा विचार या दोन वाक्यांमधील अंतराच्या दृष्टीने करावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रश्नाची व्याप्ती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. कॅनडातील फर्स्ट नेशन्स, इनुइत व मेटी या तीन समूहांतील स्त्रियांच्या हत्यांची स्वतंत्र गणना दीर्घकाळ शासनाने केलीच नव्हती. नेटिव्ह विमेन्स असोसिएशन ऑफ कॅनडा या संस्थेने ते काम हाती घेऊन २०१० पर्यंत ५८२ प्रकरणांची माहिती जमविली. त्यानंतर २०१४ मध्ये रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस या केंद्रीय पोलीसदलाने आपला आढावा प्रसिद्ध केला. १९८० ते २०१२ या काळातील १,१८१ प्रकरणे त्यात नोंदलेली आहेत. त्यांपैकी १,०१७ हत्येची आणि १६४ बेपत्ता स्त्रियांची. देशातील एकूण स्त्रियांमध्ये आदिवासी स्त्रियांचे प्रमाण त्या वेळी सुमारे ४.३ टक्के होते. हत्या झालेल्या स्त्रियांमध्ये मात्र ते १६ टक्के भरले.

अशा कुटुंबांना आधार द्यावा, याविषयी आता कोणाचे दुमत नाही. परंतु आधार म्हणजे काय, याचे उत्तर सामान्यतः द्रव्यसाहाय्य, मानसोपचार आणि कायद्याचा सल्ला या तीन शब्दांत दिले जाते. ही साधने आवश्यक आहेतच. तथापि नातलगांची पहिली मागणी याहून साधी आणि याहून अवघड असते. काय घडले, ते कोणी केले, ते थांबविणे कोणाचे काम होते आणि त्याने ते का केले नाही, हे सांगणारे एक पूर्ण वाक्य त्यांना हवे असते. त्या वाक्यात कर्ता असावा लागतो. पुढील विवेचनात ज्या तीन संहितांचा परामर्श घ्यावयाचा आहे, त्यांची कसोटी हीच राहील : त्यांनी नातलगांना असे वाक्य मिळवून दिले काय?

२

मराठीच्या विद्यार्थ्याला प्रयोगविचार परिचित आहे. 'तिला मारले' या वाक्यात कर्ता उच्चारलेला नसला, तरी त्याची जागा राखलेली असते, 'कोणी?' हा प्रश्न ते वाक्यच निर्माण करते. 'ती बेपत्ता झाली' या वाक्यात तशी जागाच नाही. क्रियापद अकर्मक, आणि कर्तेपण जिच्यावर आघात झाला तिच्याकडेच. इंग्रजीतील 'वेंट मिसिंग' हा रूढ प्रयोग याच जातीचा, किंबहुना एक पाऊल पुढचा आहे. त्यात जाण्याचे क्रियापद आहे; नाहीसे होणे ही जणू त्या स्त्रीने आरंभिलेली एक हालचाल ठरते. जी आपण होऊन गेली ती आपण होऊन येईल, हे अनुमान मग फार दूर राहत नाही. मुलगी परतली नाही म्हणून पोलिसठाण्यावर गेलेल्या मातापित्यांना ती कोठे तरी मद्यपान करीत असेल, दोन दिवसांनी येईल, असे सांगून परत पाठविण्यात आल्याच्या कथनांनी पुढे चौकशी-आयोगाच्या अहवालाची पाने भरली. ते उत्तर केवळ उद्धटपणाचे नव्हते; नोंदीच्या व्याकरणातच त्याचे बीज होते.

याला पर्याय नाही असे नाही. अर्जेंटिनातील लष्करी राजवटीने १९७६ ते १९८३ या काळात माणसे नाहीशी केली, तेव्हा स्पॅनिश भाषकांनी 'नाहीसे होणे' या मूळच्या अकर्मक क्रियापदाला सकर्मक रूप दिले आणि 'त्याला त्यांनी नाहीसा केला' अशा अर्थाचा प्रयोग रूढ झाला. कॅनडाच्या संदर्भात अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २००४ च्या आपल्या अहवालाला 'स्टोलन सिस्टर्स' हे नाव दिले, तेही याच दिशेचे पाऊल होते. 'हरवलेल्या' आणि 'चोरून नेलेल्या' या दोन विशेषणांत फरक आहे तो चोर गृहीत धरण्याचा. त्याबरोबर 'बहिणी' हे नातेवाचक नामही शीर्षकात आले, हे विसरता येत नाही. अनोळखी मृतदेहासाठी आपल्याकडे रूढ असलेला 'बेवारस' हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. ओळख पटली नाही ही दप्तराची उणीव. परंतु शब्द असा की, मृतालाच वारस नव्हते असे तो सांगतो. कोठे तरी वारस वाट पाहत बसलेले असतात, आणि शब्द त्यांचे अस्तित्व नाकारतो.

३

या भाषेवरील पहिला समर्थ कलात्मक अभिप्राय म्हणून मेरी क्लेमेंट्स या नाटककर्तीच्या 'द अननॅचरल अँड अ‍ॅक्सिडेंटल विमेन' या नाटकाचा उल्लेख करावा लागेल. व्हँकूव्हर येथे २००० मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला आणि २००५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये राजधानी ओटावा येथील नॅशनल आर्ट्स सेंटरच्या आदिवासी रंगभूमी-विभागाचा पहिला हंगाम याच नाटकाने सुरू झाला. व्हँकूव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड या दरिद्री वस्तीत १९६० नंतरच्या दोन-अडीच दशकांत अनेक स्त्रिया अतिरिक्त मद्यामुळे मृत्यू पावल्याचे आढळले. त्यांतील बहुतेक आदिवासी होत्या, आणि त्यांतील अनेकींच्या अखेरच्या सोबतीत एकच न्हावी होता. त्याला १९८८ मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, ती एकाच मृत्यूबद्दल. इतर मृत्यू दप्तरात अपघाती म्हणूनच राहिले.

नाटकाचे शीर्षक मृत्यूचे कारण ठरविणाऱ्या अधिकाऱ्याच्या परिभाषेतून उचललेले आहे. 'अनैसर्गिक व अपघाती' ही विशेषणे मृत्यूची. क्लेमेंट्स यांनी ती स्त्रियांना जोडली. या एका पदान्वयाच्या बदलाने नोंदीच्या मनातले उघडे पडते. मरण अपघाती म्हणणाऱ्या व्यवस्थेला त्या स्त्रियांचे असणेच अपघाती वाटत होते. रंगमंचावरील पडद्यावर पारदर्शिकांतून स्त्रीचे नाव, वय, रक्तातील मद्याचे प्रमाण आणि अधिकाऱ्याचा निष्कर्ष दाखविला जातो. त्यांतील एका नोंदीत चेहऱ्यावरील जखमांचा उल्लेख आहे आणि लगेच घातपाताचा संशय नाही असा निर्वाळाही आहे. लेखिका भाष्य करीत नाही. ती केवळ त्या नोंदीसमोर ती स्त्री उभी करते आणि तिला बोलू देते.

नाटकाच्या कथेचा धागा मात्र मृत स्त्रीचा नाही, तो मुलीचा आहे. रिबेका आपल्या आईच्या शोधात या वस्तीत आली आहे. आई आपल्याला सोडून गेली, एवढेच तिला ठाऊक आहे. म्हणजे तिच्याही मनातील वाक्यात कर्तेपण आईकडेच आहे. नाटक पुढे सरकते तसे ते वाक्य बदलत जाते, आणि हा बदल हेच या नाटकाचे खरे कार्य होय. रोझ हे टेलिफोन-केंद्रावर काम करणाऱ्या इंग्रज स्त्रीचे पात्र या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मृत्यूनंतरही ती तारा जोडून देत राहते. दप्तराने तोडलेला संबंध जुळविण्याचे काम तिच्याकडे आहे. आदिवासी स्त्रियांच्या मेळाव्यात तिची योजना करून लेखिकेने वंशाचा प्रश्न पातळ केला, असा आक्षेप घेता येईल. परंतु तो टिकणारा नाही. एकटेपण रोझच्याही वाट्याला आले आहे, पण तिच्या वंशाचा कोणी तिरस्कार केलेला नाही. दोन्ही भोगांतील साम्य आणि भेद तिच्यामुळेच स्पष्ट होतात.

अखेरीस रिबेका न्हाव्याचा वध करते आणि सर्व स्त्रिया एका पंगतीला बसतात. हा शेवट पुष्कळांना सूडाचा आणि म्हणून सवंग वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः न्यायालयाने जे वाक्य उच्चारले नाही, ते रंगभूमीने उच्चारले, एवढाच त्याचा अर्थ. परंतु याच ठिकाणी नाटकाची मर्यादाही दिसते. कर्ता म्हणून शेवटी एक न्हावीच उरतो. ज्यांनी एकामागून एक नोंदी लिहिल्या आणि त्या कधी एकत्र वाचल्या नाहीत, ते पडद्यावरच्या अक्षरांतच राहतात. रंगमंचावर त्यांना देह मिळत नाही.

४

नाटकाने अप्रकट ठेवलेला हा दुसरा कर्ता शोधण्याचे काम पुढे शासकीय चौकशीकडे आले. त्याच वस्तीतून १९९० नंतर नाहीशा झालेल्या स्त्रियांच्या प्रकरणी व्हँकूव्हरनजीकच्या एका डुक्करपालकाला २००२ मध्ये अटक झाली. सहा हत्यांबद्दल तो २००७ मध्ये दोषी ठरला. उरलेल्या वीस हत्यांचे आरोप २०१० मध्ये स्थगित करण्यात आले, कारण कायद्यातील कमाल शिक्षा त्याला झालेलीच होती. शिक्षेच्या हिशेबात हा निर्णय तर्कशुद्ध आहे. नातलगांच्या हिशेबात मात्र वीस कुटुंबांना न्यायालयाच्या तोंडचे ते एक वाक्य कायमचे मिळाले नाही. शिक्षा आणि निवेदन ही न्यायाची दोन भिन्न अंगे आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या प्रकरणातील पोलीसकार्याची चौकशी करणाऱ्या वॉली ओपल यांच्या आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये 'फॉरसेकन' या नावाने प्रसिद्ध झाला. 'टाकून दिलेल्या' हे शीर्षक कर्मणि धातुसाधित आहे. टाकून देणारा कोण, हे विचारल्यावाचून वाचकाची सुटका होत नाही. अहवालाच्या अंतरंगातही या प्रश्नाची काही स्पष्ट उत्तरे आहेत. तक्रारी नीट नोंदल्या गेल्या नाहीत, त्यांचा पाठपुरावा झाला नाही, धोक्याचे मोजमाप चुकले, निरनिराळ्या पोलीसदलांनी परस्परांना माहिती दिली नाही, हे त्याने नि:संदिग्धपणे मांडले. परंतु अपयशाच्या कारणाशी येताच त्याची भाषा बदलते. व्यक्तींच्या मनात हेतुपुरस्सर पूर्वग्रह नव्हता, पूर्वग्रह व्यवस्थेत होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य असेल. परंतु वाक्याच्या दृष्टीने पाहता 'व्यवस्था' हे भाववाचक नाम कर्त्याच्या जागी येऊन बसले आहे, आणि त्याला प्रश्न विचारता येत नाही. नातलग ज्या मेजापुढे उभे राहिले होते, त्या मेजामागे व्यवस्था बसलेली नव्हती. एक माणूस बसलेला होता.

५

या पार्श्वभूमीवर राष्ट्रीय चौकशी-आयोगाचा 'रिक्लेमिंग पॉवर अँड प्लेस' हा अहवाल वाचावयाचा आहे. मेरियन ब्युलर यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचे काम सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाले आणि ३ जून २०१९ रोजी अहवाल सादर झाला. १,४८४ नातलगांनी व हिंसेतून वाचलेल्यांनी कथन केले, ८१९ जणांनी कलाकृतींच्या रूपाने आपले म्हणणे मांडले. या कथनांना आयोगाने 'साक्ष' न म्हणता 'सत्य' म्हटले. भावनेच्या भरात केलेला हा शब्दबदल नव्हे. साक्ष ही दुसऱ्या कोणाच्या तरी निर्णयासाठी असते आणि उलटतपासणीने ती खोडता येते. सत्य सांगणारा मात्र आपल्या अनुभवाचा स्वतःच धनी असतो. उघड सभेत बोलावे, खाजगीत बोलावे की लेखी निवेदन द्यावे, याची निवड नातलगांकडे होती. बोलताना त्यांच्या पाठीशी आप्त व वडीलधारे बसत. डोळे पुसलेले कागद गोळा करून पवित्र अग्नीत अर्पण केले जात. बहुतेक कथने इंग्रजीत व फ्रेंचमध्ये, म्हणजे राज्यकर्त्यांच्या भाषांत झाली. निवासी शाळांनी मुलांच्या तोंडातून मातृभाषा काढून घेतल्याचा इतिहास लक्षात घेता याचे नवल वाटू नये.

तरीही या कथनांमागे आदिवासी भाषांतील नात्याची एक घडण उभी असल्याचे जाणवते, आणि भाषाभ्यासकाने तिकडे विशेष लक्ष द्यावे. क्री भाषेत 'मुलगी' हा शब्द सुटा उच्चारता येत नाही. 'नितानिस' म्हणजे माझी मुलगी, 'कितानिस' म्हणजे तुझी मुलगी, 'ओतानिसा' म्हणजे त्याची किंवा तिची मुलगी. नात्याच्या धातूला स्वामित्वदर्शक उपसर्ग लागल्यावाचून रूपच सिद्ध होत नाही. सर्वसाधारण अर्थ सांगावयाचा तर वेगळा प्रत्यय लावून नवे रूप घडवावे लागते. म्हणजे या भाषेत प्रत्येक मुलगी व्याकरणतःच कोणाची तरी असते. ओजिब्वे भाषेत दिवंगत व्यक्तीच्या नात्याच्या नावाला एक प्रत्यय लागतो : 'नोकोमिस' म्हणजे माझी आजी, 'नोकोमिसिबन' म्हणजे माझी दिवंगत आजी. जिची आजी नाहीशी झाली आहे आणि मृत्यू सिद्ध झालेला नाही, तिने कोणते रूप वापरावे? प्रत्यय लावणे म्हणजे आशा सोडणे, न लावणे म्हणजे रोज नव्याने वाट पाहणे. मराठी माणसालाही 'आहे' आणि 'होती' यांत अशीच निवड करावी लागते. पॉलीन बॉस यांनी या अवस्थेला 'अनिश्चित वियोग' असे नाव देऊन तिचे विवेचन केले आहे. नातलगांना सत्य मिळणे का निकडीचे असते, याचे उत्तर या एका प्रत्ययात सापडते.

अहवालाची सर्वांत मौलिक कल्पना 'गाठ पडण्या'ची आहे. कुटुंब आणि संस्था यांची जेथे प्रत्यक्ष गाठ पडते, तो क्षण अहवाल विश्लेषणासाठी निवडतो : रुग्णालयाचे दार, बालकल्याण-अधिकाऱ्याची भेट, पोलिसांचे मेज. तेथून पुढे हानी झाली की दिलासा मिळाला, हे तो पाहतो. 'व्यवस्था' या निराकार कर्त्याला देह देण्याचा हा प्रयत्न ओपल-अहवालाच्या एक पाऊल पुढे गेला आहे, हे मान्य करावयास हवे.

६

परंतु ज्या अहवालाने कर्त्याचा शोध इतक्या सूक्ष्मतेने घेतला, त्यानेच आपल्या अंतिम भागात तो पुन्हा हरवू दिला. न्यायासाठी त्याने २३१ हाका दिल्या आहेत, आणि त्या शिफारशी नसून कायद्याने बंधनकारक कर्तव्ये आहेत असे बजावले आहे. या हाकांना कर्ता आहे. तथापि तो कर्ता पुष्कळ ठिकाणी 'सर्व शासने' हा आहे, आणि अखेरीस 'सर्व कॅनेडियन'. मृत्यूच्या नोंदीत कर्ता कोणीच नव्हता. येथे कर्ता सर्वच आहेत. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम एकच होण्याचा धोका आहे, कारण सर्वांनी करावयाचे काम आपणच करावयाचे आहे असे कोणालाही वाटत नाही. जेथे कर्ता आणि कार्य दोन्ही नेमके आहेत, तेथे अहवालाची भाषा बळकट होते. नातलगांच्या व मुलांच्या उपचारांसाठी १९९८ ते २०१४ या काळात चाललेल्या अबोरिजिनल हीलिंग फाउंडेशनच्या धर्तीवर कायमचा निधी उभारावा, उलगडा न झालेल्या प्रकरणांच्या फेरतपासणीसाठी स्वतंत्र राष्ट्रीय पथक नेमावे, या मागण्या त्या प्रकारच्या आहेत. त्या पुऱ्या झाल्या की नाही, हे कोणालाही विचारता येते.

'वंशसंहार' या शब्दावरून झालेला वाद प्रसिद्ध आहे. अहवालाने त्याच्या समर्थनार्थ स्वतंत्र कायदेशीर पुरवणी जोडली, आणि कृतीबरोबरच कर्तव्यलोपानेही वंशसंहार घडू शकतो, असे तीत प्रतिपादिले. हा शब्द अतिशयोक्त आहे असे म्हणून त्याला बाजूला सारणे योग्य होणार नाही. शतकभराच्या धोरणांना एकत्र बांधणारे नाव म्हणून त्याचे सामर्थ्य मोठे आहे, आणि आपला वियोग एकट्याचा नाही हे त्याने नातलगांना सांगितले. परंतु ज्याचा कर्ता राज्य आणि काळ शतकांचा आहे, अशा शब्दाने त्या विशिष्ट रात्रीचा दूरध्वनी कोणी उचलला नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. वृत्तपत्रांनी तो मोठा शब्दच उचलला आणि लहान प्रश्न मागे पडले. याचा दोष एकट्या आयोगाचा नाही. तथापि दोन्ही पातळ्या जोडणारे दुवे त्याने आणखी ठळक करावयास हवे होते.

मोठ्या शब्दापेक्षा लहान कार्य कसे अधिक बोलते, याची साक्ष ब्रिटिश कोलंबियातील प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट या महामार्गाने दिली आहे. तेथे स्त्रिया नाहीशा होत, कारण वाहन नसल्यामुळे त्या अनोळखी मोटारींना हात दाखवीत. २००६ च्या परिषदेने ३३ शिफारशींत बससेवेची मागणी केली. बस २०१७ मध्ये सुरू झाली. अकरा वर्षे 'अश्रूंचा महामार्ग' हे नाव सर्वांच्या तोंडी होते, बस मात्र नव्हती. याउलट, २०१६ मध्ये सुरू झालेले नातलग-माहिती-साहाय्य विभाग फारसे गाजले नाहीत, परंतु त्यांचे काम प्रस्तुत विषयाच्या गाभ्याशी जाते. पोलीस, न्यायालय, मृत्युचिकित्सक यांच्याकडे विखुरलेली माहिती मिळवून ती कुटुंबाला समजेल अशी सांगणे, हे त्यांचे कार्य. एका अर्थाने ते भाषांतराचेच काम आहे : नोंदीच्या भाषेतून नात्याच्या भाषेत. असे भाषांतर करणारा माणूस शेजारी बसलेला असणे, हाही आधारच होय.

७

२०२२ मध्ये विनिपेग येथे चार आदिवासी स्त्रियांच्या हत्या उघडकीस आल्या आणि या सर्व विवेचनाची कसोटी लागली. चौघींपैकी एकीची ओळख पटली नव्हती. दप्तराच्या रीतीने ती 'अज्ञात' राहिली असती. स्थानिक आदिवासी समाजातील ज्येष्ठांनी तिला 'माश्कोदे बिझिकीइक्वे', म्हणजे 'गवास्त्री', हे नाव दिले, आणि तिची खरी ओळख मार्च २०२५ मध्ये पटेपर्यंत न्यायालयातही ती याच नावाने वावरली. जिचे नातलग ठाऊक नव्हते, तिचे नातेपण समाजाने पत्करले. दोन स्त्रियांचे अवशेष शहराबाहेरील कचराभूमीत असल्याचे पोलिसांचे म्हणणे होते. परंतु शोध धोक्याचा व खर्चाचा आहे, म्हणून तो घेतला जाणार नाही, असे कुटुंबांना सांगण्यात आले. मुलींनी आणि बहिणींनी ते मानले नाही. त्यांनी तळ ठोकले, रस्ते अडविले, आणि शोध कोण घेणार, हा एकच प्रश्न विचारीत राहिल्या. २०२३ च्या निवडणुकीनंतर आलेल्या प्रांतिक शासनाने ते काम स्वीकारले. डिसेंबर २०२४ मध्ये शोध सुरू झाला आणि २०२५ च्या पूर्वार्धात दोघींचेही अवशेष मिळाले. तत्पूर्वी जुलै २०२४ मध्ये चारही हत्यांबद्दल आरोपी दोषी ठरला होता. या वेळी आरोप स्थगित झाले नाहीत. चारही वाक्ये न्यायालयाने पूर्ण उच्चारली.

मृत्यू यामुळे पुसला गेला नाही, आणि पोलिसांनी शोध आधी का घेतला नाही, हा प्रश्नही उरलाच. परंतु 'सर्व शासने' या व्यापक कर्त्याच्या जागी एक विशिष्ट शासन, एक विशिष्ट जागा आणि एक विशिष्ट काम आले, तेव्हाच कुटुंबांच्या हाती काही लागले, हे नाकारता येत नाही. क्लेमेंट्स यांच्या नाटकाने नोंदीचे व्याकरण उघडे केले, ओपल-अहवालाने चुकांची यादी दिली, राष्ट्रीय आयोगाने नातलगांच्या बोलण्याला सत्याचा दर्जा दिला. या तीन संहितांचे मूल्य यापुढे ठरवावयाचे, ते त्यांच्या आवेशावरून नव्हे, तर त्यांच्या आधारे किती कुटुंबांना कर्त्यासह पूर्ण वाक्य मिळाले यावरून. नातलग ज्या प्रत्ययापाशी अडखळले आहेत, तो निश्चितपणे लावता येईल किंवा निश्चितपणे टाळता येईल, एवढे सत्य त्यांच्या हाती देणे, हे आधाराचे पहिले रूप होय. उपचार, निधी आणि स्मारके ही त्यानंतरची.